आकडा मोजू नका, नावं मोजा

प्रश्न विचारणाऱ्या ताई घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतात. सात आणि चार वर्षांच्या दोन मुली आहेत, आणि आता सोनोग्राफीत जुळं निघालंय. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण आधी 'अरे बापरे' म्हणतो आणि मग 'मुलगा हवा होता का?' विचारतो, असं त्या लिहितात. त्यांचे प्रश्न तीन. चार मुलांत वाटणी सारखी कशी करायची? प्रत्येकाला लक्ष कसं पुरवायचं? आणि मोठ्या कुटुंबाची मजा खरंच त्या वेळी येते, की वीस वर्षांनी सगळंच गोड वाटायला लागतं म्हणून म्हातारे तसं सांगतात?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो वाचून आमच्या हिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "द्या उत्तर. पण खरं द्या."

आधी माझा अधिकार सांगतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३२ वर्षं टूलरूमला फिटर होतो आणि वर्तकनगरच्या दोन खोल्यांत पाच मुलं वाढवली. चार माझी, एक थोरल्या भावाचा. गुहागरकडच्या आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला संज्या ठाण्यात आला आणि आमचाच झाला. त्याच्याखालोखाल माझी मंजू, राजू, छकू आणि शेंडेफळ गोट्या. शिवाय माझी आई. आठ माणसं, एक मोरी, एक संडास, पाणी पहाटे पाच ते सहा. ही एका इस्पितळात स्टाफ नर्स, तिची मॉर्निंग ड्यूटी. माझी सेकंड शिफ्ट. म्हणजे मुलं सकाळी माझ्या ताब्यात, संध्याकाळी हिच्या, आणि मधला तासभर आजीच्या. नवरा-बायकोची भेट बसस्टॉपवर. ही उतरतेय, मी चढतोय, आणि तेवढ्यात एका वाक्यात बातमी: "राजूने दात पाडलाय, स्वतःचाच."

लोक बोलायचे तेव्हाही. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेले असायचे, 'हम दो, हमारे दो'. त्यात गंमत अशी की आमची ही वॉर्डातल्या बाळंतिणींना दोन मुलं पुरेत म्हणून समजावून सांगायची, आणि तेही पोटात छकू असताना. कळव्याच्या एका म्हाताऱ्या आजीने तिला एकदा आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "सिस्टर, तुला किती पोरां गो?" ही म्हणाली, "हे तिसरं. म्हणून तर सांगतेय." तुम्हीही लिफ्टमध्ये असंच तयार उत्तर ठेवा. समजावत बसलात तर तुमचा मजला निघून जाईल.

तर मजा. आमच्याकडे सकाळी संडासाचा नंबर लागायचा. नियम साधा: दारावरच्या खिळ्याला जो आधी आपला टॉवेल अडकवेल त्याचा पहिला नंबर. संज्याला गावच्या सवयीने साडेचारला जाग यायची. त्याला स्वतःला घाई नसायची, पण टॉवेल तो लावून ठेवायचा आणि पुढे जो कोणी मांड्या आवळत येईल त्याला नंबर विकायचा. सुरुवातीला लिमलेटच्या गोळ्यांवर चालायचं. राजूच्या गोळ्या संपल्या तेव्हा व्यवहार शुद्धलेखनाच्या पानांवर आला. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत भाव दुप्पट. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा रद्दीला द्यायच्या वह्या चाळताना त्याच्या भूगोलाच्या वहीचं शेवटचं पान सापडलं: 'राजू – गोळ्या ३ बाकी. मंजू – शुद्धलेखन २ पानं, पैकी १ मिळालं. छकू – माफ, लहान आहे. काका – १ रुपया बाकी.'

काका म्हणजे मी. मग आठवलं. दिवाळीच्या आधी एका पहाटे पोट बिघडलं होतं आणि मी त्याला म्हणालो होतो, "संज्या, सोड बाबा मला आधी, रुपया देईन." मी बोललो होतो बोलायचं म्हणून. त्याने लिहून ठेवलं होतं. आजीच्या नावावर उधारी नव्हती. आजी आली की रांगच मोडायची.

आता खरं उत्तर. रांगेत उभं असताना त्यात विनोद नव्हता. राजू अक्षरशः रडायचा. पण तोच राजू रात्री जेवताना सकाळच्या स्वतःची नक्कल करायचा, एका पायावर उभं राहून, डोळे फिरवून, आणि आजीला हसता हसता ठसका लागायचा. म्हणजे वीस वर्षं थांबावं लागत नाही, ताई. साधारण बारा तास लागतात.

हे हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "तुम्ही सेकंड शिफ्टला. रात्री नक्कल बघायला होतात कुठे?" बरोबर आहे. मला ती पावणेबाराला, गरम केलेल्या आमटीबरोबर हिच्या तोंडून मिळायची. वर म्हणाली, "आणि मला त्या जेवणाची भांडीही आठवतात. तेही लिहा." लिहिलं.

वाटणीचं म्हणाल तर ज्या गोष्टी सुरीने कापता येतात त्या सारख्या वाटाव्यात, बाकीच्यांच्या नादी लागू नये. आणि सुरीने कापायच्या गोष्टींचे नियम मुलांनाच करू द्यावेत, कारण आपण केलेला नियम ती मोडतात आणि स्वतःच्या नियमाचं कलम न् कलम पाठ करतात.

भाऊ संज्याच्या खर्चाचे पैसे पाठवू शकत नव्हता, मी कधी मागितलेही नाहीत. पण एप्रिल सरता सरता एसटीने आंब्याची पेटी यायची. आजी ते आंबे पलंगाखाली पेंढ्यात मांडायची, रोज सकाळी वास घेऊन तीन बाहेर काढायची, त्याच्यावर एकही नाही. तीन आंबे म्हणजे दोन बाजूंच्या दोन-दोन, अशा सहा फोडी आणि तीन बाठे. खाणारे सहा: पाच मुलं आणि आजी. फोडींचा प्रश्न मंजूने सोडवला: कापणाऱ्याने शेवटी उचलायचं. त्या दिवसापासून आमच्या घरात आंबा जितक्या नेमाने कापला गेला तितक्या नेमाने मी कारखान्यात पोलाद कापलं नसेल. छकू तर आंब्यावर आधी पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची. एकदा माझ्यामागे लागली, "अण्णा, उद्या तुमचा व्हर्निअर घरी आणा." आणला. सहा डोकी आंब्याभोवती, मी जबडे लावून माप सांगतोय. फरक दोन मिलिमीटरचा निघाला. त्यावर वाद असा की माप रुंदीचं धरायचं की जाडीचं? आजी म्हणाली, "मेल्यांनो, वजन करा," आणि बोलता बोलता आपली फोड खाऊन मोकळी झाली.

बाठ्यांचं दुखणं वेगळं. बाठा कापता येत नाही आणि सगळ्यांना हवा असतो, दात नसलेल्या आजीलासुद्धा. म्हणून कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोजच्या बाठ्यांचे मानकरी लिहिले जायचे: सं, मं, रा, छ, गो, आ. एका सकाळी एका चौकोनातल्या 'मं'चा 'सं' झालेला. मंजूने संज्याला धरलं, संज्याने विद्येची शपथ घेतली, राजूवर जुन्या गुन्ह्यांमुळे संशय. तासभर खटला चालला. शेवटी पहिलीतला गोट्या शांतपणे म्हणाला, "तो म चुकला होता, मी नीट केला." त्या आठवड्यात त्यांच्या वर्गात स शिकवला होता.

पण बूट आंब्यासारखे वाटता येत नाहीत. संज्याचा बूट फाटला, त्याला नवीन आणला, तर बाकीच्या चौघांनी एकसुरात विचारलं, "त्यालाच का?" मी म्हणालो, "त्याचा फाटला म्हणून. तुमचा फाटेल तेव्हा तुम्हाला." मी माझ्यावर खूश. दुसऱ्या दिवशी राजू जिन्याच्या पायरीला बूट घासत बसलेला सापडला. त्याला नवीन बूट मिळाला नाही. पण 'सगळ्यांना सारखं' हे वचन मी त्यानंतर कधी दिलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका. चौघांना चार पेन्सिली आणा, हवं तर. पण एकीला ताप आलाय म्हणून तिच्या उशाशी बसलात तर उरलेल्या तिघांच्या उशाशी तेवढाच वेळ बसायचं कर्ज डोक्यावर घेऊ नका.

आता लक्ष पुरवण्याचा प्रश्न. तो मला कळला तो तलावपाळीमुळे.

रविवारची संध्याकाळ. ही ड्यूटीवर, मी पाच मुलं घेऊन तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावावर. गडकरी रंगायतनच्या बाजूने एक फेरी, मग भेळ, मग कठड्यावर बसून होड्या बघायच्या. होडीत बसायचं नाही, तेवढे पैसे नसायचे. निघण्याआधी मोजले: पाच. भेळेच्या वेळी मोजले: पाच. परतीच्या बसमध्ये चढताना मोजले: पाच. कॅडबरी नाक्याला नेहमीप्रमाणे सगळ्यांनी खिडकीतून नाकं बाहेर काढली, वारा आमच्या बाजूचा असला की तिथल्या कारखान्यातलं चॉकलेट फुकट हुंगायला मिळायचं. तेव्हाही नाकं पाच. घराच्या जिन्यात आजीने विचारलं, "गोट्या कुठाय?" मी म्हणालो, "हा काय." पुढे केला तो शेजारचा पप्पू.

पप्पू दुपारी आमच्या घोळक्यातून निघाला, आमच्याबरोबर भेळ खाल्ली, राजूच्या खांद्यावर डोकं टाकून बसमध्ये झोपलासुद्धा. आणि आमचा गोट्या? तो पप्पूच्या घरी. आम्ही निघालो तेव्हा तिथे कॉटखाली गोट्या खेळत होता, मग तिथेच जेवला, आणि पप्पूची आई दोन वेळा त्याला "पप्प्या, हात धू" म्हणाली होती. तिलाही चार मुलं. तीन तास दोन्ही घरांचा हिशेब चोख होता, फक्त नग बदलला होता. पोरांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? छकू म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्हीच घेतलाय त्याला."

त्या रात्री ही घरी आल्यावर काय झालं ते लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी आकडा मोजणं बंद केलं. नावं घेऊन मोजायला लागलो, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून. वेळ पाच सेकंद जास्त लागतो. जुळी झाल्यावर घरात एक शब्द आपोआप सुरू होईल: 'जुळ्यांना दूध दिलं का', 'जुळी झोपली का'. तो पहिल्या दिवशीच बंद करा. दोघांना दोन नावं आहेत, दुधाच्या वेळी तीच घ्या. नाहीतर एकाला दोनदा आणि एकाला शून्य वेळा पाजल्याचे किस्से हिच्याकडे डझनभर आहेत.

नावं चुकतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी राजूला हाक मारायला तोंड उघडलं की "संज्या-मंजू-छकू" एवढा प्रवास करून गाडी राजूवर यायची, आणि तोवर राजू पसार. सुनेने मध्यंतरी वाचून दाखवलं की अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये यावर निबंध छापलाय. घरातली सगळी नावं मेंदू एकाच कप्प्यात ठेवतो, म्हणून एकाच्या जागी दुसरं बाहेर येतं. त्या कप्प्यात पाळलेल्या कुत्र्याचं नावही असतं, मांजराचं मात्र सहसा नसतं म्हणे. त्यांनी आमच्या आजीला विचारलं नव्हतं. ती गोट्याला हमखास 'मने' म्हणायची, आणि मनी मांजर हाकेला यायचंसुद्धा. गोट्या येईलच असं नाही.

खरं लक्ष मला दिवसाला द्यायला जमलंच नाही. जमलं ते आठवड्याला. रविवारी सकाळी मी जांभळी नाक्यावर आठवड्याची भाजी आणायला जायचो आणि पाळीपाळीने एकालाच बरोबर न्यायचो. पाच मुलं, म्हणजे पाच आठवड्यांनी एकेकाची पाळी. पिशवी त्याने धरायची, आणि येताना मामलेदारची मिसळ. तिखट झेपायचं नाही त्याने पाव दह्यात बुडवून खायचा. त्या तासाभरात बाजूला दुसरं कुणी नसायचं, आणि घरात वर्षभर न ऐकलेली वाक्यं तिथे ऐकायला मिळायची. राजू एकदा जाताना सगळी वाट गप्प. येताना कांदेवाल्यासमोर, मी कांदे निवडत असताना, पाटीकडे बघत म्हणाला, "अण्णा, तिथे भाव लिहिलाय का?" पाटी पाच-सहा पावलांवर होती, आणि अक्षरं चांगली ठळक.

पोराला सहा महिने फळा दिसत नव्हता. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गर्दीचे फायदे असतात तसे तोटेही असतात. बसचा नंबर छकू मोठ्याने वाचायची, घड्याळ मंजू सांगायची, टीव्हीवर काय लिहिलंय ते कुणी ना कुणी ओरडायचंच. चारचौघांच्या डोळ्यांवर त्याचं भागत होतं. चष्मा लागला तो उणे अडीचचा. तुमच्या घरीही असं होऊ शकतं, म्हणून एकेकाला वेगळं काढा. पाच आठवड्यांनी का होईना, पण वेगळं.

आणि एक गोष्ट मला जमली नाही, ती सांगायलाच हवी. तुमची थोरली सात वर्षांची आहे. गोट्या झाला तेव्हा मंजू आठ वर्षांची होती. येणारा-जाणारा तिला 'छोटी आई' म्हणायचा, आणि आम्हाला ते कौतुक वाटायचं. ती त्याला थोपटायची, भरवायची, त्याचं नाक पुसायची. भांडण झालं की आम्ही तिलाच सांगायचो, "तो लहान आहे, तू समजून घे." तिच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. कुणीतरी विचारलं, दुसरं कधी? मंजू केक कापता कापता म्हणाली, "मला पुरे झालं. माझं पहिलं मूल मला आठव्या वर्षी झालं, तो बघा, तिथे समोसे खातोय." सगळे हसले. गोट्या सगळ्यात जास्त हसला. मीही हसलो, आणि रात्री बराच वेळ जागा होतो.

तिला मदत करू द्या, तिला आवडेलही. पण ती बहीण आहे. ती कंटाळली, बाळाला खाली ठेवून खेळायला गेली, कप फोडला, तर ते सातव्या वर्षाला शोभणारंच आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. डबे सगळे एकसारखे घ्या, म्हणजे झाकणं शोधत बसावं लागत नाही. भाजी एक, तीही आधी जाहीर करायची नाही. आमच्याकडे रोज सकाळी किलोभर कणीक लागायची, आणि पोळ्या भाजायचं काम माझं. नवऱ्याला ते आत्तापासून शिकवा. वेण्या घालायलाही शिकवा. मी मंजूच्या दोन वेण्या मोटारीचं वाइंडिंग करावं तशा घट्ट घालायचो. लाल रिबिनी बांधून झाल्या की तिच्या भुवया वर चढलेल्या असायच्या आणि बाईंना वाटायचं मुलगी कायम आश्चर्यात आहे. पण शाळा सुटेपर्यंत एक केस हलत नसे.

आजारपणाचं थोडं सविस्तर, कारण त्याबद्दल कुणी सावध करत नाही. एकेकट्या मुलाला कांजिण्या येतात. मोठ्या घरात कांजिण्या मुक्कामाला येतात. राजू सहावीत असताना फेब्रुवारीत शाळेतून घेऊन आला. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे राजूच्या खपल्या धरतायत तोवर छकू आणि गोट्याला फोड आले. त्यांचं संपता संपता मंजूला. संज्याला गावी आधीच होऊन गेल्या होत्या, त्यामुळे तो ऐटीत सगळ्यांना पाणी आणून द्यायचा आणि बहुतेक तेही वहीत लिहायचा. हिने नखं कापली, आजीने आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकला, ताप आला तरी ॲस्पिरिन द्यायची नाही असं हिने मला चार वेळा बजावलं, कारण मुलांच्या कांजिण्यांत ती घातक ठरू शकते. दीड महिना घरात कुणी ना कुणी ठिपकेदार.

आणि शेवटी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मला. लहानपणी राहून गेल्या होत्या. मोठ्या माणसाला कांजिण्या जास्त जोरात येतात, तशा आल्या. मी पलंगावर पडलेलो, आणि चौघं बरी झालेली मुलं चार बाजूंनी पहाऱ्याला. महिनाभर मी त्यांना जे जे ओरडलो होतो ते सगळं त्यांनी मला व्याजासकट परत केलं. "अण्णा, खाजवायचं नाही." "अण्णा, हात पांघरुणाबाहेर." गोट्याने माझ्या हातात आपले पायमोजे चढवले, ते बोटांपर्यंतच पोचले. छकू दर संध्याकाळी पाठीवरचे फोड मोजून आकडा आजीला सांगायची. एका दुपारी सगळे झोपलेत असं बघून मी फणीने हळूच पाठ खाजवली, तर पलीकडून झोपेतल्यासारखा आवाज आला, "काका, बघितलं मी. आठ आणे." आता कांजिण्यांची लस मिळते. मुलींना द्यायची का ते डॉक्टरांना विचारून घ्या. नवऱ्याला लहानपणी झाल्या होत्या का तेही सासूबाईंना विचारून ठेवा.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आला होता. म्हणजे सरासरी एका बाईमागे पावणेदोन मुलंसुद्धा नाहीत. तुमच्यासारखी घरं आता कमी, म्हणून लोक बघतात. शून्य पूर्णांक सात मूल कसं असतं असं सुनेने मला विचारलं. मी म्हणालो, दहावीच्या वर्षातला राजू. देहाने घरात, बाकी कुठे ते देवाला ठाऊक.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ओघाने येतंय म्हणून सांगतो. आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचे. संज्याला पाचवीत निळा रेनकोट घेतला, तो घोट्यापर्यंत. कॉलरच्या आत आजीच्या सांगण्यावरून बॉलपेनने नाव: संजय. दोन पावसाळ्यांनी त्यावर काट मारून खाली मंजू. मग मंजूवर काट, राजू. मग राजूवर काट, छकू. मधे कोपर फाटलं तिथे सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून मी ठिगळ मारलेलं. गोट्याची पाळी आली त्या जूनमध्ये पहिल्याच सरीत रेनकोट पाठीवर उभा फाटला. गोट्या रडला. आम्हाला वाटलं, भिजला म्हणून. तर म्हणाला, "माझं नाव लिहायचं राहिलं." पोराच्या अंगावर जन्मापासून एकही नवी वस्तू नव्हती, आणि याचं दुःख जुनी मिळाली नाही याचं.

हिने त्याच संध्याकाळी गोखले रोडला नेऊन नवा रेनकोट घेतला, पिवळा, त्याच्या मापाचा. घरात पहिल्यांदाच कुणीतरी मापाचं काही घातलं होतं. सकाळी वेण्या घालून झाल्यावर मी त्याचं नाव लिहायला पेन घेतला आणि कॉलर उलटी केली. आत त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. संजय, त्यावर काट. मंजू, काट. राजू, काट. छकू, काट. आणि त्याखाली मोठ्या वाकड्या अक्षरात, गोट्या.